पाणलोटाच्या कामांचा परिणाम मोजताना पाऊस आणि उपसा वेगळा कसा काढावा?

रानवाट (प्रश्न)

नमस्कार. जालना जिल्ह्यातील एका लहान संस्थेत मी पाणलोट विकासाचे काम पाहते. आमच्याकडील चार गावांत २०१५ ते २०१८ या काळात माथ्यावर सलग समतल चर, शेतांत बांधबंदिस्ती, ओढ्यांचे खोलीकरण आणि काही सिमेंट नालाबांध अशी कामे झाली. काही जलयुक्त शिवार अभियानातून झाली, तर काही एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून. त्याच सुमारास ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून शेततळीही झाली. आता निधी देणाऱ्यांनी या सर्व कामांच्या परिणामांचा अहवाल मागितला आहे. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यात प्रत्येक निर्देशकासमोर दोनच रकाने आहेत, ‘कामापूर्वी’ आणि ‘कामानंतर’.

रकाने भरणे अवघड नाही. २०१६ च्या मे महिन्यात ज्या विहिरी कोरड्या होत्या, त्यांत २०१७ च्या मे महिन्यात पाणी होते. रब्बीचे क्षेत्र वाढले, दोन गावांत द्राक्षबागा उभ्या राहिल्या, टँकर थांबले. एवढेच मांडले तर अहवाल देखणा होईल. परंतु २०१५ हे मराठवाड्यातील भीषण दुष्काळाचे वर्ष होते आणि २०१६ मध्ये सरासरीपेक्षा अधिक पाऊस झाला, ही गोष्ट त्या नमुन्यात कोठेच मांडता येत नाही. पुढे २०१८ मध्ये पावसाने पुन्हा दगा दिला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्याच गावांत टँकर परत आले. मधल्या काळात बोअर किती वाढले, याची नोंद ना ग्रामपंचायतीकडे आहे ना आमच्याकडे.

पाऊस, आमची कामे आणि वाढलेला उपसा या तीन गोष्टींचा परिणाम वेगवेगळा दाखवता येईल का? आमच्याकडे कामापूर्वीची पायाभूत पाहणी आहे, पण ती २०१५ च्या एकाच उन्हाळ्यातील आहे. सांख्यिकीचा तज्ज्ञ नेमण्याइतका निधी नाही. तरीही प्रामाणिक म्हणता येईल असा अहवाल लिहायचा असेल, तर सुरुवात कोठून करावी?

काळा पाषाण

मी भूजलाच्या क्षेत्रात बरीच वर्षे नोकरी केली असल्याने पाण्याच्या बाजूनेच उत्तर देतो. अर्थशास्त्राचा भाग इतरांनी सांगावा.

तुमची पायाभूत पाहणी दुष्काळातील आहे, हीच पहिली अडचण. दुष्काळी वर्षाशी तुलना केल्यास कोणतेही काम यशस्वी ठरते, आणि काहीच काम न झालेले गावही यशस्वी ठरते. म्हणून एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना सोडून द्यावी आणि सारख्या पावसाची वर्षे शोधून त्यांच्या जोड्या लावाव्यात. वार्षिक बेरीज सारखी असून भागत नाही. सप्टेंबरच्या शेवटी पडलेला पाऊस आणि जुलैत पडून मग महिनाभर दडी मारलेला पाऊस यांची बेरीज एक असली, तरी विहिरीच्या दृष्टीने ती दोन वेगळी वर्षे असतात. महसूल मंडळनिहाय पावसाच्या नोंदी मिळतात, त्या घ्याव्यात. जिल्ह्याची सरासरी येथे निरुपयोगी आहे.

विहिरींच्या बाबतीत तुमच्या स्वतःच्या नोंदींबरोबर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची मापे मागवून घ्या. राज्यभर साडेतीन हजारांहून अधिक अशा विहिरी आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, घेतली जाते. तुमच्या चारही गावांत अशी विहीर असेलच असे नाही. पण त्याच पाणलोटात एखादी असली, तरी तुम्हाला कामाच्या आधीची अनेक वर्षे मिळतील आणि तुमच्याकडे नेमकी त्यांचीच उणीव आहे.

ऑक्टोबर आणि मे ही मापे वेगवेगळे बोलतात. ऑक्टोबरची पातळी पाऊस किती मुरला ते सांगते. ऑक्टोबर ते मे या काळातील घसरण प्रामुख्याने उपसा सांगते, कारण त्या काळात पुनर्भरण जवळजवळ नसते. जे पाणी ओढ्याला नैसर्गिकरीत्या जाते तेवढे सोडून द्यायचे. सारख्या पावसाच्या दोन वर्षांत ऑक्टोबरची पातळी सुधारली असेल आणि मे महिन्याची पूर्वीइतकीच किंवा त्याहून खाली असेल, तर कामांनी पाणी मुरवले आणि गावाने ते वापरले, असा अर्थ काढता येतो. हे तुमच्या प्रश्नातील विभाजनच आहे आणि त्यासाठी सांख्यिकीच्या तज्ज्ञाची गरज नाही.

आणखी एक सूचना. ‘किती टीसीएम (हजार घनमीटर) साठवण क्षमता निर्माण झाली’ हा आकडा परिणामांच्या प्रकरणात घेऊ नका. तो केलेल्या कामाचा हिशेब आहे. बंधाऱ्यात किती पाणी मावू शकते, किती अडले, त्यातील किती मुरले आणि मुरलेल्यापैकी मार्चपर्यंत किती उरले, हे चार निरनिराळे आकडे आहेत, आणि सरकारी सादरीकरणांत पहिलाच आकडा चौथ्याच्या जागी बसवण्याची सवय जडलेली आहे. जलयुक्त शिवारबाबत महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला, त्यात ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात फारसे यश आले नाही, असा निष्कर्ष होता. सहा जिल्ह्यांतील १२० गावे त्यांनी तपासली होती. त्या निष्कर्षावर वाद झाले आणि त्यांतील काही मुद्दे रास्तही होते, परंतु पाणी उपलब्ध झाल्यावर नगदी पिकांकडे ओढा वाढला आणि उपशावर नियंत्रण राहिले नाही, हे त्यांचे निरीक्षण तुमच्या गावांशी ताडून पाहण्यासारखे आहे.

तुलनापत्र

पाषाणसाहेबांच्या मुद्द्यांना एक जोड देतो. सारख्या पावसाच्या वर्षांची तुलना चांगलीच आहे, पण त्या काळात कामांव्यतिरिक्तही पुष्कळ काही बदललेले असते. सूक्ष्म सिंचनाचे अनुदान, शेतमालाचे भाव, नव्या वीजजोडण्या, बोअर घेण्याचा घसरलेला खर्च हे सर्व काम न झालेल्या गावांतही घडले. म्हणून जेथे काम झाले नाही अशी काही गावे तुलनेसाठी घेणे आवश्यक आहे. तुमच्या गावांतील बदलातून त्या गावांतील बदल वजा केला की जे उरते, ते कामांच्या खात्यावर टाकता येते.

मात्र तुलनेची गावे निवडताना बहुतेक अहवाल घसरतात. सोयीचे म्हणून शेजारचे गाव घेतले जाते, आणि ते नेमके ओढ्याच्या खालच्या अंगाला असते. वरच्या गावाने ओढा खोल करून, बंधारे घालून पाणी अडवले की खालच्या गावाला जाणारा प्रवाह घटतो. मग खालच्या गावाची स्थिती बिघडते आणि दोन गावांतील तफावत वाढल्यामुळे वरच्या गावाचे यश दुप्पट दिसते. खालच्याचे नुकसान वरच्याचा लाभ म्हणून मोजले जाते, आणि हे अहवाल लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ऊर्ध्व गोदावरीतील धरणांबाबत मराठवाडा गेली अनेक वर्षे जी तक्रार करत आला आहे, आणि जिच्यावर २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला जायकवाडीसाठी वरून पाणी सोडण्याचा आदेश द्यावा लागला, तीच तक्रार तुमच्या खालचे गाव तुमच्याविरुद्ध करू शकते. फरक इतकाच की त्या गावाला दाद मागायला जागा नाही.

त्यामुळे तुलनेचे गाव जलविभाजकाच्या पलीकडचे, दुसऱ्या ओढ्यावरचे, पण त्याच खडकाचे आणि शक्यतो त्याच पर्जन्यमंडळातील घ्या. खालचे गावही अभ्यासात घ्या, परंतु तुलनेसाठी नव्हे. त्याच्यावर काय परिणाम झाला हे पाहण्यासाठी.

निवडीचाही प्रश्न आहे. टंचाईग्रस्त म्हणून निवडलेली गावे त्यांच्या सर्वांत वाईट काळात निवडली जातात, त्यामुळे काही न करताही ती पुढच्या एक-दोन वर्षांत थोडी सावरतात. उलट स्पर्धेतून किंवा लोकवर्गणीतून पुढे आलेल्या गावांत चांगले नेतृत्व आधीपासूनच असते, आणि त्या नेतृत्वाची पुण्याई बंधाऱ्यांच्या नावावर जमा होते. तुमची गावे कोणत्या निकषावर निवडली गेली, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर सांगून टाका.

पिकांच्या क्षेत्रासाठी सातबाऱ्यावरील पीकपेऱ्यावर विसंबू नका. तो बसल्या जागी कसा भरला जात असे, हे आपण सारे जाणतो. ई-पीक पाहणी २०२१ पासूनची आहे आणि तुमच्या काळाला ती उपयोगी नाही. त्यापेक्षा उपग्रहाची छायाचित्रे घ्या. लँडसॅटची छायाचित्रे ३० मीटर विभेदनाची (एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटरचा चौकोन) असून जुन्या वर्षांसाठी मोफत मिळतात. सेंटिनेल-२ ची १० मीटरची छायाचित्रे २०१५ पासून आहेत. आपल्याकडे रब्बीत आकाश निरभ्र असते, ही मोठीच सोय. जानेवारीतील हिरवे क्षेत्र म्हणजे ढोबळमानाने रब्बी पिके आणि बागा. एप्रिलच्या अखेरीसही जे हिरवे राहते ते ऊस, फळबागा किंवा उन्हाळी पीक. जानेवारीचे हिरवे वाढले आणि एप्रिलचे तेवढेच राहिले, तर लाभ अनेकांपर्यंत पोहोचला असण्याची शक्यता अधिक. एप्रिलचेच हिरवे फुगले असेल, तर तो थोड्या शेतांत साचला. कोणाची शेते, हे मात्र उपग्रह सांगणार नाही. त्यासाठी गावात जाऊनच विचारावे लागेल.

बागाईतदार

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तरी ते वाचताना शेतकऱ्याने पाणी वापरले हाच जणू त्याचा गुन्हा झाला, असा सूर जाणवला, म्हणून लिहितो. माझी द्राक्षबाग आहे आणि प्लास्टिक अस्तराचे शेततळेही आहे.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. दहा-बारा वर्षे जोपासलेली झाडे लोकांनी तोडून सरपण म्हणून विकली. ज्याने ते पाहिले आहे, तो शेततळ्याला चैन म्हणणार नाही. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत कमाल अनुदान ५० हजार रुपये होते. खोदाई, अस्तर आणि कुंपण धरून खर्च त्याच्या कितीतरी पुढे जातो आणि तो आम्ही कर्ज काढून केला.

शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावे असे योजनेत लिहिलेले होते, आणि आम्ही ते विहिरीच्या पाण्याने भरतो, हे खरे आहे. पण तसे का करतो, ते कोणी विचारत नाही. ऑक्टोबरात विहीर काठोकाठ असते. ते पाणी मी विहिरीत ठेवले, तर ते माझे राहत नाही; शेजाऱ्याचा बोअर ते फेब्रुवारीपर्यंत ओढून नेतो. तळ्यात ठेवले, तर ते एप्रिलमध्ये माझ्या बागेला मिळते. शेजारीही माझ्याबद्दल हाच विचार करतो. एकट्याने संयम पाळून कोणाचेच भले होत नाही. मूल्यमापन करणाऱ्यांनी आमच्या वागणुकीकडे बोट दाखवण्यापूर्वी या कोंडीची नोंद करावी. उत्पन्न वाढले, मुले शिकली, खासगी सावकाराकडे जाणे थांबले, हेही परिणामच आहेत आणि ते विहिरीच्या पातळीत दिसत नाहीत.

रानवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बागाईतदार दादांचा मुद्दा आमच्या गावांतही जसाच्या तसा ऐकायला मिळतो, आणि तो अहवालात घ्यावा असे मलाही वाटते. परंतु निधी देणारे विचारतील की शेततळ्यांचा भूजलावर ताण पडतो म्हणजे नेमका किती? याचे उत्तर ढोबळमानाने तरी देता येईल का?

दुसरी शंका बोअरविषयी आहे. नोंदच नसेल, तर उपशाचा अंदाज कसा बांधावा?

काळा पाषाण

ढोबळ गणित करता येते. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळे, ज्याच्या बाजूंना एकास एक उतार आहे, त्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावते. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, पाणी फार थोडे धरतो. खडकाच्या एकूण आकारमानापैकी उपशाने मोकळे होणारे पाणी साधारण १ ते ३ टक्के असते. मधला २ टक्क्यांचा आकडा घेतला, तर एक हेक्टर जमिनीखाली पातळी एक मीटरने उतरली की २०० घनमीटर पाणी निघते. म्हणजे एक शेततळे विहिरीवरून एकदा भरणे हे ११ हेक्टर शिवाराची भूजल पातळी एक मीटरने उतरवण्याइतके आहे. नदीकाठच्या गाळाच्या प्रदेशात हाच परिणाम कितीतरी कमी भासला असता. दुसऱ्या राज्यातील शेततळ्यांचे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, ते यामुळे.

आता गावाच्या पातळीवर पाहा. समजा शिवार १,००० हेक्टरांचे आहे आणि पाऊस ६५० मिलिमीटर पडला. एकूण पाणी झाले ६५ लाख घनमीटर. बेसॉल्टमध्ये त्यातील किती मुरते याचे प्रमाण खडकाच्या प्रकारानुसार साधारण ७ ते १३ टक्के धरतात. आपण ८ टक्के धरू, म्हणजे ५ लाख २० हजार घनमीटर. अशा गावात १०० शेततळी विहिरींवरून भरली गेली, तर २ लाख २० हजार घनमीटर पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच जमिनीखालून वर येऊन बसते. वर्षभराच्या पुनर्भरणाच्या दोन-पंचमांशाहून अधिक पाणी रब्बीच्या पेरणीच्या तोंडावरच शंभर कुटुंबांच्या ताब्यात गेले. शेततळ्यांची संख्या मोजणे कठीण नाही, काळे अस्तर उपग्रहाच्या छायाचित्रात स्पष्ट दिसते.

बाष्पीभवन वेगळेच. फेब्रुवारी ते मे या काळात उघड्या पाण्याची पातळी मराठवाड्याच्या उन्हात एक मीटरच्या आसपास उतरू शकते. तळे वर रुंद आणि खाली अरुंद असल्याने वरच्या एका मीटरमध्येच सुमारे ८४० घनमीटर पाणी असते. तळे त्या काळात भरलेलेच राहिले, तर साठ्याचा एक-तृतीयांशाहून मोठा भाग असा जातो. वापर होत गेला, तर त्या मानाने कमी. ते पाणी जमिनीखाली राहिले असते, तर उडाले नसते. बागाईतदारांच्या म्हणण्याशी याचा विरोध नाही. त्यांच्यासाठी हे बाष्पीभवन म्हणजे खात्रीसाठी मोजलेला विम्याचा हप्ता आहे. फक्त तो हप्ता पूर्ण गाव भरते आणि विमा एकाचा उतरतो, हे अहवालात यायला हवे.

बोअरच्या बाबतीत कागदपत्रांच्या मागे न लागता माणसे गाठावीत. तालुक्यातील मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिराला आणि बोअरच्या गाड्या आणणाऱ्या एजंटाला कोणत्या वर्षी कोणत्या गावात किती फुटांवर पाणी लागले, हे तोंडपाठ असते. कृषिपंपांच्या जोडण्यांची यादी महावितरणकडून मिळू शकते, तथापि एका जोडणीवर दोन मोटरी चालतात, हे ध्यानात ठेवावे. आणि विहीरमालकांना पाण्याची पातळी विचारू नका, तास विचारा. ‘जानेवारीत मोटर सलग किती तास चालते आणि उपसलेली विहीर पुन्हा किती वेळात भरते?’ याचे उत्तर शेतकरी अचूक देतो, कारण त्यावर त्याचे पाळीपाणी ठरते. पंधरा-वीस विहिरींवर मोटरीचा विसर्ग मोजून या तासांनी गुणला, की उपशाचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

मेंढवाडा

चर्चा विहीर असणाऱ्यांचीच चालली आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते.

समतल चर जेथे खणले, ती जमीन बहुधा गायरान किंवा वनखात्याची असते. रोपे जगावीत म्हणून तेथे काही वर्षे चराईबंदी होते. पाणी खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीला लागते आणि बंदीची किंमत शेळ्या-मेंढ्या बाळगणारा मोजतो, ज्याच्याकडे बहुधा जमीनच नसते. चराईबंदीच्या वर्षांत किती घरांनी शेळ्या विकल्या, हा प्रश्न मूल्यमापनाच्या प्रश्नावलीत मला क्वचितच आढळला आहे. तो तुम्ही अवश्य घाला.

स्थलांतराचा निर्देशकही जपून वापरावा. गावातून उसतोडणीला जाणारे कोयते (तोडणीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या) कमी झाले की ते पाण्याचे यश मानले जाते. परंतु मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असेल, तर गावात काम मिळत असूनही कुटुंबाला जावेच लागते. आणि कोयते कमी झाले ते काही वेळा कुटुंबच शहराकडे कायमचे निघून गेल्यामुळेही. संख्या मोजा, पण दरवर्षी कोण गेले आणि कोण थांबले, हे घरनिहाय पाहा.

टँकरबाबत इतकेच, की तो तहसील कार्यालयातील मंजुरीनंतर येतो. टँकर नाही म्हणजे टंचाई नाही, असे होत नाही. बायका पाण्याला कोठवर जातात, हे विचारल्याशिवाय तो रकाना भरू नये.

तुलनापत्र

मेंढवाडा ताईंच्या मुद्द्यामुळे एक गोष्ट ठळक झाली. सरासरी मांडूच नका. चार गावांचे सरासरी उत्पन्न वाढले, या वाक्यात द्राक्षबागाईतदार आणि भूमिहीन हे दोघेही दिसेनासे होतात. विहीर आणि शेततळे दोन्ही असलेले, फक्त विहीर असलेले, जिराईत आणि भूमिहीन, अशी कुटुंबांची विभागणी करून प्रत्येकाचे वेगळे आकडे द्या. नमुना लहान असला, तर टक्केवारी न देता संख्या द्या.

रानवाट

हे करता येण्यासारखे आहे. आता शेवटची अडचण नमुन्याची. त्यात दोनच रकाने आहेत आणि ते बदलायला निधी देणारे तयार नाहीत.

काळा पाषाण

रकाने त्यांचे तसेच ठेवा, आणि प्रत्येक आकड्याखाली त्या वर्षीचा मंडळाचा पाऊस मिलिमीटरमध्ये लिहा. त्याला कोणी हरकत घेणार नाही. सोबत जोडपत्र म्हणून एकच तक्ता द्या, ज्यात २०१५ ते २०१९ या प्रत्येक वर्षाचा पाऊस, ऑक्टोबरची पातळी, मे महिन्याची पातळी आणि अस्तरीत शेततळ्यांची संख्या शेजारी शेजारी असेल. २०१९ चा मे महिना गाळू नका. मुदत २०१८ मध्ये संपली म्हणून तो वगळा असे तुम्हाला सुचवले जाईल.

आणि गावांत हे आकडे सांगायला ऑक्टोबरातच जा. विहिरी मोजून झाल्यावर आणि तळी भरायला सुरुवात होण्यापूर्वी ग्रामसभा झाली, तर बागाईतदार म्हणतात त्या कोंडीवर निदान बोलणे तरी होते. हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवतात आणि शेतीसाठी बोअर घेत नाहीत. तो नियम तुमच्या गावांना लगेच झेपेल असे मी म्हणणार नाही, पण तळी किती भरायची आणि विहिरीत किती पाणी राखायचे, यावर चारपैकी एका गावात जरी ठराव झाला, तरी पुढच्या मे महिन्यात तुम्हाला तुलनेसाठी गाव घरातच मिळेल.